जहाजवाली

चांदी बदलली जाऊ नये म्हणून माझा धाकटा भाऊ धुळ्याच्या सराफाकडे मुशीपुढे मांडी ठोकून बसला होता. एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नाही, असं तो अजून कौतुकाने सांगतो. आणि त्याच मुशीत, त्याच्या डोळ्यांदेखत, आमची जहाजवाली वितळली. वर्ष होत आलं, माझा संताप काही उतरत नाही.

जहाजवाली म्हणजे चांदीचा अष्टकोनी बिल्ला. आजोबा धुळ्याला कापसाच्या गाठी मोजायचे तेव्हा मायदेशी परतणाऱ्या कुणा व्यापाऱ्याने दिलेला. एका बाजूला शिडाचं जहाज, दुसऱ्या बाजूला जहाजाच्या नांगराला टेकलेली बाई. चांदीवर बाई म्हणजे देवीच! तिची रवानगी थेट देवघरात, टाकांच्या रांगेत झाली. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले आमचे कुळदेव. भावाकडे राहणाऱ्या आमच्या विधवा आत्याचा तिच्यावर भारी जीव. तिचा एकुलता मुलगा ट्रक चालवतो. तो गाडी घेऊन निघाला की आत्या जहाजवालीला कुंकू लावायची आणि तो पोचल्याचा निरोप येईपर्यंत देवघरापुढून हलायची नाही.

मी जळगावच्या शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाले तरी खोड जात नाही. बिल्ल्यावरची अक्षरं लावली, जुन्या नाण्यांची पुस्तकं चाळली आणि गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटांवरच सगळ्यांचा तास घेतला. ही देवी नाही, म्हटलं. फ्रान्समधल्या समुद्री विमा कंपन्या सभेला हजर राहणाऱ्यांना असे बिल्ले द्यायच्या. तिथे तरी थांबावं! पण कंपन्या नव्हत्या तेव्हा व्यापारी एकाच कागदाखाली सह्या करून जहाजाची जोखीम वाटून घेत, आपल्याकडे जोखमी हुंडी असे, माल सुखरूप पोचला तरच ती वटे, हेही सांगून झालं. भाऊ मान डोलावत होता. मला वाटलं, याला कळतंय.

मग भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. लग्नाआधी झिजलेले टाक आटवून त्याच चांदीचे नवे करायचे, ही आमची रीत. तसं केल्याचं भावाने फोनवर सांगितलं आणि वर म्हणाला, तो बिल्लाही त्यातच घातला, टाक चांगले जाड झाले. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने धुळ्याला निघाले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मी वाटभर त्याला काय काय बोलायचं ते घोकत होते.

घरात पाऊल टाकताच मी तोंड सोडलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"अक्का, तूच सांगं व्हतं ना, ती देवी नई शे म्हनीसन? मंग देवघरमा कसाले ठेवानी?"

त्याचं चुकलं तरी काय? जी देवी नाही ती मुशीत गेली. पण एक फोन करायला काय झालं होतं? दिवसभर चांदी हाताळणाऱ्या त्या सराफाला एवढं ठसठशीत जहाज दिसू नये? आणि मी! मी तरी ताटावर बसून शहाणपण पाजळताना समोर बसलेल्या आत्याकडे एकदा पाहायचं होतं. तिला कुणीच विचारलं नाही. मीही नाही. हा राग तर सगळ्यांत जास्त आहे.

आत्या देवघरापुढे बसली होती. समोर कोरे करकरीत टाक, लखलखीत. तिच्या बोटावर कुंकू तसंच होतं.

"आत्या, ती आते बठ्ठा टाकस्मा शे," भाऊ समजूत घालायला म्हणाला. एकीऐवजी आता सगळ्याच टाकांत ती, असा त्याचा हिशोब.

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "मना पोऱ्या गाडीवर शे. आते त्याले कोन देखी?"

मी तिथल्या तिथे आतेभावाला फोन लावला. गाडी नरडाण्याच्या पुढे ढाब्यावर उभी होती. थांबशील तिथून मला फोन करायचा, प्रत्येक वेळी, आजपासून कायम, असं मी त्याला दरडावलं. तो हसला. आत्या हसली नाही. बोटावरचं कुंकू तिने माझ्या फोनला लावलं.