धोंडुबाईचा दर्या आणि मैनेची धार

कळंब्याच्या धोंडुबाईला घर सोडून दोन दिवस कुठं जायचं म्हटलं, की आधी परवानगी लागायची ती मैनेची. मैना म्हणजे तिची म्हैस. नवऱ्याची, म्हणजे आकारामची, परवानगी त्यानंतर. खरं सांगायचं तर त्याला ती द्यायचीच नसायची, म्हणून तो मैनेचं नाव पुढं करायचा. "तू गेल्यावर धारा कोण काढणार?" एवढा सवाल टाकला की विषय मिटला.

आकाराम स्वतः मात्र दर हिवाळ्यात तालमीतल्या दोस्तांची गाडी भरून कोकणात जायचा. परत आला की पिशवीत फणसपोळी, चपलांत वाळू आणि तोंडात आठवडाभर पुरतील एवढी माशांची वर्णनं. धोंडुबाई म्हणायची, "मलाबी एकदा दर्या बघायचाय." की हा पोट धरून हसायचा. "दर्यात काय असतंय? पाणी. आपल्या कळंब्याच्या तळ्यातबी पाणीच हाय. जा की बघून."

बिचारी एकदा खरंच जाऊन बघून आली. तळ्याचा पलीकडचा काठ चांगला स्वच्छ दिसत होता. समुद्राला तो नसतो, हे तिनं टीव्हीवर पाहिलेलं होतं.

मैनेचं कारण अगदीच खोटंही नव्हतं. ही म्हैस धोंडुबाईशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. हिची आईही तसलीच होती. परका हात लागला की दूध वर ओढून घ्यायचं, आणि वर लाथ द्यायची. दूध असं तुंबत गेलं की कास सुजते, आणि कास सुजली की म्हैस कामातून जाते. हे धोंडुबाईला कळत होतं, म्हणून तर ती इतकी वर्षं अडकून पडली.

यंदा मुलानं, राजवर्धननं, जुनी का होईना गाडी घेतली. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. रत्नागिरी, गणपतीपुळे, पावस असा दोन दिवसांचा बेत ठरला, आणि सून संयोगिता अडून बसली. "आत्ती येणार नसतील तर मी पण येत नाही."

त्या वेळी ओसरीवर चार माणसं बसलेली होती. त्यांच्या देखत आकारामची जीभ सुटली. "जावा की समदी! एक म्हस पिळायला काय पैलवान लागतोय व्हय?" चार माणसांत बोललेला शब्द गिळणं हे कोल्हापूरकराला जन्मात जमलेलं नाही. धोंडुबाईनं त्याच रात्री पिशवी भरली.

निघताना तिनं आपलं एक नेसतं लुगडं गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. धार काढणाऱ्यानं ओळखीच्या बाईचं लुगडं नेसलं की म्हैस वासाला फसते, ही खेड्यापाड्यातली युक्ती. आकारामनं त्या लुगड्याकडं एकदा बघितलं. "मी? तांबड्या मातीत लोळलेला गडी हाय मी."

"ऱ्हाऊ दे तिथं. वैरण खात न्हाय ते," असं म्हणून ती गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

राजवर्धनची अर्धी सुट्टी, त्यामुळं दुपारी जेवून निघाले. मलकापूर गेलं, आंबा घाट उतरला. काच खाली, डोक्यावरचा पदर उडालेला, आणि प्रत्येक वळणाला एकच प्रश्न, "आला का दर्या?" साखरप्याला तिनं तीन वडे खाल्ले आणि चौथा सुनेच्या हातातला अर्धा घेतला. घाटात फोनला रेंज नव्हती, हेही एक बरंच होतं.

हातखंब्याला रेंज आली आणि फोन बोंबलायला लागला.

"माघारी फिरा!" आकाराम स्पीकरवर ओरडत होता. "चरवी उडवून दिली तिनं. कास दगडावानी झालीया!"

राजवर्धननं गाडी कडेला घेतली आणि आईकडं बघितलं. बापाचा शब्द त्यानं आजवर मोडला नव्हता. दर्या अर्ध्या तासावर आणि गाडीचं तोंड वळायच्या बेतात.

"गाडी पुढंच घे," ती म्हणाली. मग फोनमध्ये, "लुगडं नेसलासा का?"

"त्ये सोडून दुसरं कायबी सांग."

"न्हाय नव्हं? मग आलो आमी. गल्लीत सांगते की, ह्यास्नी म्हस पिळाय आली न्हाय."

फोनमध्ये लुगडं झटकल्याचा आवाज आला, आणि मग पडलेल्या सुरात, "नेसलो. घाल चुलीत."

"आता हिरव्या बांगड्या घाला. फळीवर हाईत. आवाज लागतोय तिला."

बांगड्यांचा आणि दुधाचा काडीचा संबंध नव्हता. हे धोंडुबाईला पक्कं ठाऊक होतं. संयोगितानं मागच्या सीटवर तोंडात ओढणी कोंबली.

"हाताला जाईनात गं!"

"मग झुंबरबाईला हाक मारा. शेजारीच हाय, येऊन भरंल की."

"नगं! कुणाला बोलवू नगंस! बसवल्या बघ दोन!"

तरी मैना पान्हा सोडेना. आता मात्र धोंडुबाईची चेष्टा जिरली. काय राहिलंय हे तिला उमगलं होतं, पण ते सांगायला जीभ रेटेना. धारेला बसली की ती मैनेशी बोलायची. आणि इतकी वर्षं ती जे बोलायची, ते सगळं आकारामबद्दल होतं. तोंडावर जे बोलता येत नव्हतं, ते सगळं त्या म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून.

"फोन तिच्या कानापाशी टांगा," ती शेवटी म्हणाली. "मी बोलते. आनि तुमी हूं का चूं करायचं न्हाय. बाप्याचा आवाज आला की दूध वर ओढंल ती."

"बोल की. मी कशाला बोलतोय?"

धोंडुबाईनं घसा खाकरला. "मैने, ऐकलंस का गं? तुजा मालक म्हंजी नुस्ता मोठेपणा. पावणं चार सांगतोय नि आणतोय सात. रस्सा माज्या हातचा, नि मिशीला पीळ ह्येचा." पलीकडं साखळी वाजली, मैनेनं फुर्र केलं, आणि चरवीत पहिली धार पडली. सर्र.

"आयला!" राजवर्धन म्हणाला आणि हसता हसता गाडी खड्ड्यात घातली.

मग काय, धोंडुबाईला जोर चढला. बाळंतपणानंतर माहेराहून न्यायला आला तो रिकाम्या हातानं. भावाच्या लग्नात रुसून बसला ते जिलेबीवरून. घोरतो आणि वर नाही म्हणतो. एकेका तक्रारीला धारेचा जोर वाढत होता. आकारामला बोलायची सोय नव्हती. लुगडं नेसून, बांगड्या घालून, दोन्ही हात गुंतलेले, तो गडी मुकाट्यानं सगळं ऐकत होता. मधूनच एक लांब सुस्कारा तेवढा यायचा.

गाडी मांडवीला वळली आणि समोर एकदम दर्या आला.

तो एवढा असेल असं धोंडुबाईला वाटलं नव्हतं. टीव्हीवर तो चौकटीत बसायचा. इथं तो डावीकडं होता, उजवीकडं होता, आणि सूर्य त्याच्यात उतरत होता. ती बोलायची थांबली. दार उघडून खाली उतरली, चपला तिथंच राहिल्या.

"आई, बोल की," राजवर्धन फोन घेऊन मागं धावला. "धार थांबली!"

तिनं तोंड उघडलं. नवऱ्याबद्दल बोलायला तिच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. तिला नुसतं रडायला येत होतं, आणि ते सुखाचं होतं. फोनमध्ये मैना पाय आपटायला लागली.

मग फोनमधून एक बारीक, नाकातला, बायकी आवाज आला.

"मैने, ऐकलंस का गं? तुजा मालक लई लबाड."

संयोगिताला वाटलं, झुंबरबाई आली. पण तो आकाराम होता.

"दर सालाला गाडीत एक शीट मोकळं असायचं. समदी म्हणायची, वयनीला आण की. आनि ह्यो म्हणायचा, तिला गाडी लागतीया." बांगड्या किणकिणल्या. "कवा लागली गं तिला गाडी? इच्यारलं का ह्येनं कवा?"

सर्र. सर्र.

"आत्ती, आता तुम्ही बोला ना काहीतरी," संयोगिता हळूच म्हणाली.

धोंडुबाईनं हातानंच तिला गप केलं. पायाखालून लाट माघारी गेली, वाळू सरकली. तिनं राजवर्धनकडून फोन घेऊन कानाशी घट्ट धरला आणि पाण्याकडं बघत ऐकत राहिली. चरवी अजून अर्धीच भरली होती.