कारखान्यात पाणी प्यायला शिकले

"फिशर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"म्हंजे कॅन्सर न्हाय न्हवं?" मी विचारलं.

"नाही हो. शौचाच्या जागी चीर पडलीय. कडक शौचाला जोर करून करून पडते. ऑपरेशन आत्ता नको. आधी पोट सुधारू."

मी तिथंच रडले. शौचाला रक्त दिसल्यापासून मनात एकच भीती होती आणि ती कुणापुढं बोलले नव्हते. नवऱ्याला ‘पित्त झालंय’ म्हणून सांगितलेलं. शौचाला काचेनं कापल्यासारखं दुखायचं, म्हणून मी जेवणच कमी केलं. जेवण कमी म्हणून शौचाला होईना, आणि जेव्हा व्हायचं तेव्हा आणखी कडक. शेवटी सकाळी डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा नवऱ्यानं गाडीवर बसवून कोल्हापूर गाठलं.

मी कबनूरला एका यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरते, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळते. डॉक्टरबाईंनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

"कामावर पीतच न्हाय."

"का?"

"संडासाला कडी न्हाय. बाहेर गडी उभं असत्यात."

त्या म्हणाल्या, "मलम मी देते. शौच मऊ करायची पावडर थोडे दिवस देते. पण कळ आली की जायचं, हे औषध माझ्याकडं नाही. ते तुम्हालाच मिळवावं लागेल."

त्यांनी सिट्झ बाथ सांगितला. म्हणजे टबात कोमट पाणी घेऊन त्यात बसायचं. शौचानंतरची आग त्यानं खरंच उतरते. सासऱ्यांच्या गुडघ्यांमुळं आमच्या घरी कमोड आहे. त्यावर बसताना पायाखाली पाट घ्यायचा, गुडघे कमरेच्या वर आणायचे, थोडं पुढं वाकायचं, पोट सैल सोडायचं. श्वास कोंडून कुंथायचं नाही. झालं नाही तर उठायचं. पुन्हा कळ येईल तेव्हा जायचं.

फायबर म्हणजे अन्नातला चोथा. चहा-बटरवर कामाला जाणारी मी, सकाळी भाकरी आणि भाजी खाऊन निघायला लागले. मोडाची मटकी, पेरू, पालेभाजी. पहिल्या आठवड्यात एकदम सगळं वाढवलं तर पोट ढोलासारखं फुगलं. मग हळूहळू वाढवलं आणि पाणीही तसंच वाढवलं. सकाळी खाल्ल्यावर आतडी आपोआप हलतात म्हणे, म्हणून त्याच वेळी बसायची सवय लावली.

घरचं जमलं. कारखान्याचं राहिलं.

शोभाक्का माझ्या शेजारच्या मशीनवर. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "गप बस. मालकाला असलं कोण सांगतंय? लाज हाय की न्हाय?"

"दुखतंय ते लाजेला दुखत न्हाय अक्का, मला दुखतंय."

जेवणाच्या सुट्टीत मी मालकांसमोर उभी राहिले. बाकीच्या बायका दारात येऊन थांबल्या.

"मालक, संडासाला कडी न्हाय. म्हणून आमी बायका पाणी पीत न्हाय. मला त्यानं चीर पडली, रगत जातंय."

मालकांनी मान खाली घातली. सुट्टीतही माग खडखडत होते, तरी सगळ्यांनी ऐकलं असणार. "आधी सांगायचं न्हाय व्हय?"

"आमी कुणाला सांगायचं मालक? हितं समदी गडीच की."

मागून शोभाक्काचा आवाज आला, "आनि लाइट पन न्हाय आत!"

दुसऱ्या दिवशी सुतार आला. कडी बसली, बल्ब लागला, पाण्याचा माठ आमच्या मशीनजवळ आला. कळ आली की मशीन थांबवून जायचं, असं मालकांनी कामावर देखरेख करणाऱ्या जॉबरला आमच्यासमोर बजावलं. तो अजून कुरकुरतो. आम्ही जातो.

चीर भरायला बरेच आठवडे गेले. मध्ये एकदा पुन्हा रक्त दिसलं, तेव्हा घाबरले, पण लपवलं नाही. सरळ डॉक्टरबाईंकडं गेले. शेवटच्या तपासणीला त्या म्हणाल्या, "ऑपरेशनची गरज नाही. हे तुम्ही केलंत." आजवर शाळेतसुद्धा मला कुणी असं म्हटलं नव्हतं. घरी येताना गाडीवर मी मुद्दाम ताठ बसले. बसता येत होतं!

हे वाचणाऱ्या बाईला एवढंच सांगते. रक्त दिसलं तर मूळव्याधच असेल असं स्वतः ठरवू नका, दाखवा. आणि कळ दाबू नका.

परवा नृसिंहवाडीला नात्यातलं लग्न होतं. कार्यालयात पाय ठेवल्या ठेवल्या मी मोठ्यानं विचारलं, "पावणं, बायकांचा संडास कुठं हाय?"

नवरा इकडंतिकडं बघायला लागला. पावण्यानं मांडवामागं बोट दाखवलं. मी चालायला लागले आणि मागून बांगड्या वाजल्या. वळून बघितलं, तर खुर्च्यांच्या पहिल्या ओळीतल्या तिघी उठून माझ्या मागं येत होत्या.