गव्हातली वाट

इंग्लंडमधल्या एका खेड्यातून मी जवळचा जुना किल्ला बघायला पायी निघाले होते. मध्ये गव्हाचं शेत लागलं. पीक तुडवलं जाऊ नये म्हणून मी कडेकडेने चालू लागले, तर ट्रॅक्टरवरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने हाक मारली, "अहो, मधून जा! वाट तुमचीच आहे."

खरंच, भर पिकातून त्याने एक पायवाट मोकळी ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणासाठीही. लोक पिढ्यान्‌पिढ्या इथून चालत आलेत, ती अडवायची नसते, म्हणाला. आमच्या गावी हातभर बांधापायी माझे वडील आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत.

किल्ला देखणाच होता. पण आठवते ती वाट. दोन्हीकडे ओंब्या डुलत होत्या, आणि त्या मोकळ्या वाटेवरूनही मी अंग चोरून चालत होते.