फ्रँकफर्ट ते वडूज

हे आईला माहीत नाही, मामाला नाही. मी मुळातच कमी बोलते — लपवणं सोपं गेलं.

फ्रँकफर्ट ते मुंबई साधारण साडेसहा हजार किलोमीटर. थेट विमान मिळालं तर आठेक तास. पुढे वडूजपर्यंत गाडीने सहा-सात. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. गैरसमज, गडबड — असलं काही नव्हतं.

आजोबा, आईचे वडील, वडूजला वारले. एप्रिलमधली दुपार. मामा त्यांचा एकुलता मुलगा, फ्रँकफर्टला नोकरीला. पाच वर्षांत एकदा आलेला. आणि आई? दर शनिवारी सांगलीहून एसटीने, विट्याला गाडी बदलून साडेतीन तास, डब्यात मऊ भात घेऊन. ते अंतर कुणी कधी विचारलं?

घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटी. विमान म्हटलं की सगळे माझ्याकडे बघणार. मामाचा मेसेजही माझ्याच फोनवर आला — थेट विमान मिळतंय, उद्या सकाळी आठपर्यंत पोचतो, बाबांना ठेवा.

अंगणात आजोबांचे चुलतभाऊ, नाना, बसले होते. "पोरी, कवा यील गं तुझा मामा?"

मी फोनकडे बघितलं आणि म्हणाले — परवा. दोनदा विमान बदलावं लागतं.

"परवा? आन् या उनात तवर ठेवायचा व्हय त्याला?"

अग्नी द्यायला कुणीतरी आजोबांच्या पुतण्याचं नाव काढलं. तेव्हा मी — पाहुण्यांत पाणी मागायलाही लाजणारी मी — म्हणाले, "अग्नी आई देईल."

नानांनी मला नीट न्याहाळलं. मग आईकडे वळले. "दे बाई तूच. घास बी तूच भरवलास त्याला."

मामाला मी कळवलं — थांबायला कुणी तयार नाही. तेही खोटं. एका रात्रीसाठी विट्याहून बर्फाची पेटी आली असती. सगळे थांबले असते.

मामा दहाव्याला आला. म्हणाला, "ताई, माझ्यासाठी थांबली नाहीस." आईला वाटलं, मुलीने अग्नी दिला म्हणून चिडलाय. ती उठून आत गेली. मी दारातच उभी होते. एका वाक्याचं काम होतं. नाही बोलले. तेव्हापासून दोघांचा एकमेकांना फोन नाही.

एका मुलाकडून मी त्याच्या बापाचं शेवटचं दर्शन काढून घेतलं. त्याची बहीणही. आईसाठी केलं म्हणू? आईने कुठे मागितलं होतं? मलाच हवं होतं. विस्तवाचं मडकं हातात धरून आई सगळ्यांच्या पुढे चालत होती, आणि गावातले झाडून सगळे पुरुष तिच्या मागे.

ते मी डोळ्यांनी बघितलंय. ते मी परत देणार नाही.