प्रमिलाबाईंचा तह

नेदरलँड्सच्या नायमेखनमधल्या एका कंपनीत आठवडाभर संगणकाच्या चिप्स तपासणारे राजानंद मेश्राम शनिवार-रविवारी युद्धनौका बांधतात. खऱ्या नव्हेत, हातभर लांबीच्या. पंचशील घेणारा माणूस तोफा घडवतो म्हणून मित्रमंडळी चिडवतात, तर हे शांतपणे म्हणतात, "चार माणसांनी टेबलाशी बसून मोडीत काढल्या, त्याच मी बांधतो." १९२२ साली बड्या देशांनी वॉशिंग्टनला तह करून आपापल्या आरमारांना आवर घातला. त्यात भंगारात गेलेली, अर्धवट सोडलेली जहाजं म्हणजे राजानंदांचा जीव की प्राण. एकदा बोलायला लागले की समोरच्याचा चहा थंड होतो आणि यांना पत्ता नसतो.

जहाजं स्वयंपाकघरात शिरली तेव्हा प्रमिलाबाईंनीही नवऱ्याशी लेखी तह केला. फळी तीन मीटरची, जहाजं पाच. सहावं आलं की एक घराबाहेर. राजानंदांनी मुकाट सही केली आणि सात वर्षं इमानदारीत पाळली. बाहेर पडलेली जहाजं गावच्या वाचनालयात ऐटीत उभी आहेत.

यंदा दोन वर्षं खपून त्यांनी मूळच्या सोळा इंची बारा तोफांचं अमेरिकन जहाज पुरं केलं. पितळी नळ्या घासून केलेली एकेक तोफ बघत राहावी अशी. आता जायचं कोणी? फळीवरची चार देखणी. पाचवं वाकडं, काडेपेटीच्या काड्यांच्या तोफांचं, मुलगी मैत्री नऊ वर्षांची असताना बापलेकीने मिळून केलेलं. ते काही वाचनालय घेणार नाही. त्यांनी वाखनिंगनच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मैत्रीला फोन लावला.

"थ्रो इट, बाबा. इट्स सो अग्ली," ती हसत म्हणाली.

"बरं," म्हणून राजानंदांनी फोन ठेवला. त्यांना फार लागलं. मग खोकं आणून ते कोरं करकरीत जहाजच त्यात भरायला लागले.

"हे काय?" प्रमिलाबाई दारात उभ्या होत्या.

"तह म्हणजे तह."

"मग त्या जपानच्या मुत्सू जहाजाचं काय झालं होतं? तेही मोडायच्या यादीत होतं ना? आमचं जहाज पूर्ण झालंय म्हणून जपान अडून बसला, मग ठेवू दिलं. अमेरिकेने बदल्यात दोन ठेवून घेतली आणि इंग्लंडने दोन नवी बांधायची परवानगी मागून घेतली."

राजानंदांच्या हातातली चिकटपट्टी हातातच राहिली. वीस वर्षं ही नुसतं हूं हूं करते, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांचे डोळे भरून आले.

"मैत्रीचं राहील, नवंही राहील," बाई म्हणाल्या. "बदल्यात खिडकीजवळची तुमची कामाची दोन्ही टेबलं माझ्या कुंड्यांना. करा सही."

राजानंदांनी न वाचता सही केली. बाईंनी कागद घडी करून ठेवला, खुर्ची ओढून त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "त्या इंग्रजी जहाजाच्या सगळ्या मोठ्या तोफा पुढेच का, मागे एकही का नाही, ते गेल्या रविवारी अर्धवट राहिलं. सांगा आता."