हॉलमधल्या कॅमेऱ्यासमोर

मंडळी, आज मी लेकीशी खोटं बोलले.

मी डोंबिवलीत एकटीच राहते, लेक मेलबर्नला. काळजीपोटी तिने हॉलमध्ये कॅमेरा बसवून घेतलाय. तिकडे मोबाईलवर तिला मी दिसते. मी फोन केला की मात्र ती नेमकी मीटिंगमध्ये असते.

आज सकाळी सोफ्यावर बसले ती उठलेच नाही. दोन तासांनी फोन वाजला.

"आई, काय होतंय? अशी का बसलीयेस?"

"काही नाही गं, जरा पाय दुखतायत."

वीस मिनिटं बोलली. ऑफिसातल्या कटकटी, तिथली थंडी, सगळं.

पाय अजिबात दुखत नव्हते हो. तिचा फोन यावा म्हणून बसून राहिलेले.

आता तिने तिकडूनच इथल्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय. तिला खरं सांगू, की मुकाट्याने जाऊन येऊ? तुम्ही काय केलं असतंत?