बाजारातल्या विहिरीचं पाणी आणि पुण्याची बाटली

आमच्या नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात माणसं तीनच. घाटावरून बदलून आलेले साहेब, मी कारकून आणि बाबल शिपाई. पण किस्से म्हणाल तर एक सांगायला घ्यावा, तर मागून चार धावत येतात! साठ सालच्या आसपासची गोष्ट. अख्ख्या बाजारपेठेत गोड्या पाण्याची विहीर एकच, बाकी सगळ्या मचूळ. त्यामुळे आम्हा तिघांचा जीव त्या विहिरीत अडकलेला.

पहिल्याच पावसाळ्यात साहेबांनी विहिरीत लाल औषध ओतलं. मासे विकणारी आकूबाय घागर घेऊन थेट ऑफिसात!

"सायबांनू, माझो पांढरो भात तांबडो जाता!"

बाबल म्हणाला, "बरां झालां गो! आता तांबडे उकडे तांदूळ घेवक नको!"

मग साहेबांनी पाटी लावली, 'येथे कपडे धुऊ नयेत'. दुसऱ्या दिवशी पाहतो तर आकूबाय तीच पाटी आडवी घालून लुगडं आपटतेय!

"आमका वाचूक येणा नाय," ती म्हणाली, "पण फळी घट आसा हां!"

शेवटी बाबलने गावकाराकडून, म्हणजे गावच्या मानकऱ्याकडून, देवाला गाऱ्हाणं घालायचं सुचवलं. साहेब भडकले, "सरकारी कामात देव कशाला?" पण इलाज नव्हता. गावकाराने विहिरीवर नारळ ठेवून हाळी दिली, "बा देवा म्हाराजा, जो कोण हय कपडे धुयत, तेका तूच बघून घे!" सगळे ओरडले, "होय म्हाराजा!" त्यानंतर तिथे एक फडकं दिसलं तर शपथ!

साहेबांनी वर कळवलं, 'उपाययोजना यशस्वी'. वरून उलट टपाली विचारणा, 'कोणते जंतुनाशक वापरले? प्रमाण कळवावे.' साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी खरं तेच लिहिलं, 'नारळ, एक नग.'

स्वतः साहेब मात्र या पाण्याला शिवत नसत. त्यांच्या परसात गोठ्याजवळ विहीर होती, तिथला तांब्या रोज ऑफिसात येई. "आमच्या विहिरीला औषध नको. अमृत आहे, अमृत!" असं म्हणत. एका श्रावणात त्यांचं पोट असं बिघडलं की आठ दिवस रजा! परत आले ते धुसफुसतच, "तुमच्या त्या बाजारच्या पाण्याच्या चहाने घात केला!"

नेमका त्याच दिवशी पुण्याच्या प्रयोगशाळेचा कागद आला. बाजारातल्या विहिरीचं पाणी तपासायला बाबल दरवर्षी बाटली भरून पाठवी, आणि शेरा येई 'योग्य'. यंदा 'पिण्यास अयोग्य'! साहेबांनी तासाभरात विहिरीवर फळ्या ठोकून घेतल्या.

आकूबाय रिकामी घागर घेऊन आली. एरवी भांडणारी बाई, त्या दिवशी रडली. "पाणी आता डोंगरापलीकडसून हाडू? मगे मासळी कधी इकू? पोरांका काय खारां पाणी पाजू?" मला फार वाईट वाटलं. साहेबही वरमले, पण कागद दाखवत म्हणाले, "बाई, पुण्याचा निकाल आहे. मी काय करू?"

कोपऱ्यात बाबल हातोडी घेऊन चुळबुळत होता.

"सायबांनू, एक सांगू? पुण्याची मोठी माणसां ती. तेंका बाजारातलां पाणी कसां धाडूचां? गावाची अब्रू जायत! म्हणान मी दरवर्साक बाटली भरतंय ती तुमच्या परसातल्या बावीर."

साहेबांनी हातातला तांब्या हळूच खाली ठेवला.

बाबल म्हणाला, "मगे ह्यो फळयो काढून तुमच्याकडे मारू?"